ताकास तूर लागू न देता

दूध न पिणाऱ्या शाकाहारी विद्यार्थ्याची आपल्याकडची एक फार जुनी नोंद महाभारताच्या आदिपर्वात आहे. धौम्य ऋषींच्या आश्रमातला उपमन्यू. काम गाई राखण्याचं, म्हणजे दिवस भरगच्च. गुरुजींनी आधी त्याची भिक्षा काढून घेतली, मग दुसऱ्यांदा भिक्षा मागायला मनाई केली, मग गाईंचं दूध बंद केलं. वासरांच्या तोंडचा फेस चाटून पोरगं दिवस काढतंय हे कळल्यावर तोही बंद केला. शेवटी भुकेच्या तडाख्यात उपमन्यूने रुईची पानं खाल्ली, डोळे गेले आणि स्वारी विहिरीत पडली. या गोष्टीतून गुरुभक्तीचा बोध घ्यायची आपल्याकडे रीत आहे. मला मात्र ती जेवणाचं नियोजन न केल्यामुळे झालेल्या अपघाताची गोष्ट वाटते. दूध सुटलं म्हणून काही बिघडलं नव्हतं. दुधाच्या जागी काय खायचं हे कुणीच ठरवलं नाही, तिथे घात झाला.

आजचा उपमन्यू स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात सदाशिव पेठेत किंवा नवी पेठेत कॉट बेसिसवर राहतो. सकाळी सातला अभ्यासिकेत जाऊन बसतो आणि रात्री दहाला उठतो. मधल्या वेळात मेसला पळत जाऊन पळत येतो. याने दूध का सोडलं, यात आपण पडू नये. कुणाला वासराची दया येते, कुणाला त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, आणि बऱ्याच जणांच्या पोटात दुधातली साखर पचवणारं विकर मोठेपणी पुरेसं तयारच होत नाही. जगातल्या बहुसंख्य प्रौढांची हीच तऱ्हा आहे, आणि सहा जणांत एक संडास असलेल्या खोलीत हे कारण इतर कारणांपेक्षा लवकर पटतं. अडचण सुरू होते ती 'आता खायचं काय?' या प्रश्नापाशी. मोबाइलला विचारलं की तो बदामाचं दूध, चिया आणि क्विनोआ सांगतो. क्विनोआ ही आपल्या राजगिऱ्याच्याच कुळातली लांबची बहीण; फक्त तिचं सासर दूरचं असल्यामुळे तिला मान जास्त. आणि लिटरला दोन-तीनशे रुपये मोजून मिळणारं ओटचं दूध पाहिलं की मला अश्वत्थामा आठवतो. त्याला बिचाऱ्याला दूध म्हणून पिठाचं पाणी दिलं, तेव्हा ती द्रोणाचार्यांच्या गरिबीची परिसीमा मानली गेली. आज तेच पाणी खोक्यात भरलं की श्रीमंती होते. माझं म्हणणं इतकंच आहे, की दुधाविना शाकाहार हा मराठी माणसाने बाहेरून शिकण्याचा विषय नाही. तो आपल्याच ताटात होता, आणि बराचसा अजून आहे. विद्यार्थ्याने नियोजन करायचंच तर ताटापेक्षा चहाचं, गोळीचं आणि आईचं करावं.

पुरावा म्हणून आपली भाषाच काढू. 'खाईन तर तुपाशी, नाही तर उपाशी' ही म्हण तूप रोज मिळत असतं तर तयारच झाली नसती. 'खाईन तर मिठाशी' असं कुणी म्हणत नाही, कारण मीठ घराघरात होतं. 'ताकाला जाऊन भांडं लपवू नये' ही म्हण तर सरळ सांगते, की ताक दुसऱ्याच्या दारात मागायला जावं लागे आणि त्याची लाजही वाटे. कोरडवाहू मुलखात दुभतं जनावर चार घरांत एखाद्याकडे. बाकीच्या घरांत भाकरी, झुणका, ठेचा, उसळ, कांदा आणि तेलाची धार. कोकणात दुधाचं दुर्भिक्ष होतं, पण त्यांनी रडगाणं गायलं नाही. नारळालाच पिळलं, त्यात कोकमाचं आगळ घातलं आणि सोलकढी म्हणून वर ऐटीत वाढली. म्हणींवर विश्वास नसेल तर आकडे घ्या. दूध महापूर योजना 1970 साली सुरू झाली, त्या सुमाराला देशात दर माणशी दिवसाला सव्वाशे ग्रॅमसुद्धा दूध नव्हतं. आज साडेचारशेच्या वर आहे. म्हणजे जी पिढी 'दुधाशिवाय जेवण कसलं' असं म्हणते, तिच्या आजीने बहुधा आयुष्याचा मोठा भाग तसलंच जेवण जेवून काढला. सरकारी पुरावा हवा असेल तर तोही आहे. 1995 मध्ये 1 रुपयात झुणका-भाकर मिळू लागली. 2020 मध्ये शिवभोजन थाळी आली : 10 रुपयांत दोन चपात्या, वाटीभर भाजी, वरण आणि भाताची मूद. दोन्ही वेळा सरकारं वेगळी, पण स्वस्तात पोट भरायचं म्हटल्यावर ताटात दही-दूध घालावं असं कुणालाच सुचलं नाही.

आता विद्यार्थ्याचं नेमकं काय जातं याचा हिशोब मांडू, कारण दूध सोडणाऱ्याकडे लोक असे बघतात की जणू तो रोज लोटाभर धारोष्ण दूध पीत होता. प्रत्यक्षात त्याचं दूध म्हणजे दिवसाचे चार चहा आणि रविवारच्या फीस्टमधले पनीरचे चार तुकडे. तुकडे चारच, बाकी लाल रस्सा. एका चहात 50 मिलिलिटर दूध धरलं (पेठेतला चहावाला इतकं घालतो असं मानणं हा आपला उदारपणा), तर चार चहांचं झालं 200. त्यातून मिळणार 6-7 ग्रॅम प्रथिनं आणि साधारण 240 मिलिग्रॅम कॅल्शियम. पहिल्याची भरपाई मूठभर, म्हणजे 25 ग्रॅम शेंगदाणे करतात. दुसऱ्याची भरपाई, निदान कागदावर, दोन मोठे चमचे बिनसडल्या तिळाची चटणी करते, कारण तिळाच्या 100 ग्रॅममध्ये 1000 मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. नाचणीच्या 100 ग्रॅममध्ये ते साडेतीनशेच्या आसपास असतं, दुधात 120. शिवाय चार चहांबरोबर पोटात जाणारी सात-आठ चमचे साखरही गेली, तिचा शोक कुणी करू नये. थोडक्यात, चहातल्या दुधाचा तोटा एका चटणीने आणि खिशातल्या दाण्यांनी भरून निघतो, आणि यासाठी आपण परदेशी बिया मागवत होतो.

वेळ नाही, हा पुढचा आक्षेप, आणि तो खरा आहे. विद्यार्थ्याकडे गॅस नसतो. घरमालकाच्या नजरेआड ठेवलेली एक विजेची किटली असते. पण मटकीला गॅस लागत नाही, लागते ती रात्र. झोपताना डब्यात वाटीभर मटकी भिजत घालायची, सकाळी पाणी ओतून ओल्या पंचात गुंडाळून गाठोडं खिडकीच्या कडीला टांगायचं आणि अभ्यासिकेला निघून जायचं. रात्री परत येईपर्यंत कापडाच्या विणीतून पांढरे कोंब डोकावायला लागलेले असतात. खोलीत एवढी प्रगती दुसऱ्या कशाचीच झालेली नसते. सकाळी किटलीत मीठ-हळद घालून ते उकडायचे, वर कांदा, शेंगदाण्याचं कूट आणि लिंबू. लिंबू शोभेला नाही. कडधान्यातलं लोह अंगी लागायला ते मदत करतं, आणि जेवणाला लागूनच घेतलेला चहा नेमका उलट उद्योग करतो. नाचणीची आंबील हवी असेल तर पीठ आधी गार पाण्यात कालवून मग उकळत्या पाण्यात सोडावं. थेट गरम पाण्यात टाकलं तर गुठळ्या होतात, आणि किटलीतल्या गुठळ्या काढणं मुख्य परीक्षेपेक्षा अवघड. ताकाऐवजी गूळ घालावा. त्याहून सोपे दडपे पोहे : पातळ पोहे, ओलं खोबरं, कांदा, लिंबू, मीठ-साखर, नारळपाण्याचा हबका, आणि वर झाकण ठेवून दडपायला वजन. वजनासाठी लक्ष्मीकांत यांचं राज्यघटनेवरचं पुस्तक प्रत्येक खोलीत असतंच. त्याचा असा तरी रोज उपयोग होईल. मेतकूट तुपाबरोबरच खावं असा कायदा नाही. कच्चं तेल, कांदा आणि कुरमुरे यांच्याशीही ते छान नांदतं. बाकी दोन वेळा मेस आहेच, आणि मेसच्या ताटात आमटी, उसळ, सुकी भाजी, भात हे सगळं बहुतेक बिनदुधाचं असतं. कोशिंबिरीत दही, पोळीवर तूप आणि उपवासाच्या खिचडीत तूप, एवढ्या तीन जागा सांभाळल्या की झालं. खोलीत मात्र बिस्किटाच्या पुड्यामागची बारीक अक्षरं वाचायची सवय लावून घ्यावी, कारण दुधाची भुकटी तिथेच लपून बसते.

यावर एखादा शहाणा वाचक म्हणेल, की पूर्वीच्या कोरड्या ताटाचं एवढं कौतुक नको. ते ताट जेवणारी माणसं काही पैलवान नव्हती. बरोबर आहे. ते ताट बिनदुधाचं होतं तसंच पुष्कळदा अर्धंही होतं. भाकरी एक, डाळ पातळ, पालेभाजी पावसापुरती. त्या ताटातले पदार्थ घ्यावेत, उपासमार त्याच काळात ठेवून यावी. दुसरं असं, की कागदावरचं सगळं कॅल्शियम हाडांपर्यंत पोचत नाही. पालकातलं तर त्यातल्याच ऑक्झलेटने अडवून धरलेलं असतं. तीळ आणि नाचणी यांनाही थोडा अडसर आहे, भिजवणं, मोड आणणं, आंबवणं यांनी तो कमी होतो. प्रौढ माणसाला दिवसाला 1000 मिलिग्रॅम लागतं असं आपल्या पोषणतज्ज्ञांचं सध्याचं मत आहे. ते एका चटणीत उरकणार नाही. नाचणी, तीळ, मेथी, शेवग्याचा पाला असं चार ठिकाणांहून गोळा करावं लागतं. शेवगा रस्त्याकडेला उभा असतो आणि आपण त्याच्या शेंगा नेऊन पाला गाईला घालतो. मग गाईचं दूध आपण पितो. मधला दलाल काढून टाकावा इतकंच.

एका आक्षेपापुढे मात्र माझा युक्तिवाद संपतो, आणि तो आक्षेप आहे ब12 जीवनसत्त्वाचा. ते वनस्पतींत भरवशाने मिळत नाही. शाकाहारी माणसाला ते दूध-दह्यातूनच येतं, आणि गरज दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम इतकी चिमूटभर असली तरी ती टाळता येत नाही. ते कमी पडलं की थकवा येतो, हातापायांना मुंग्या येतात, विसरायला होतं. स्पर्धा परीक्षेच्या उमेदवाराला ही लक्षणं अभ्यासाचीच वाटतात, त्यामुळे दुखणं वर्षानुवर्षं अंगावर निघतं. इथे मटकी, मेतकूट, परंपरा, कुणीही कामाला येत नाही. रक्त तपासून, डॉक्टरांना विचारून गोळी सुरू करावी. यात कमीपणा कसला? उपमन्यूलासुद्धा विहिरीतून डोळस बाहेर काढायला शेवटी अश्विनीकुमार, म्हणजे देवांचे वैद्यच बोलवावे लागले. फरक एवढाच, की आपण विहिरीत पडायच्या आधी बोलवू शकतो.

आता राहिली माणसं. मेसवाल्या काकूंना 'दूध नको, दही नको, तूप नको' असं सांगितलं की त्या काळजीने विचारतात, 'मग नुसता उपास का?' त्यांच्याशी तत्त्वचर्चा करू नये. 'पोटाला चालत नाही' म्हणावं. पोटापुढे महाराष्ट्रात कुणी वाद घालत नाही. चहाच्या टपरीवर कोरा चहा मागणाऱ्याकडे लोक वळून बघतात, पण लिंबू पिळलेला कोरा चहा दोन आठवड्यांत आवडू लागतो, आणि आवडला नाही तरी चहा कमी होतो, हा फायदाच. खरी लढाई घरी आहे. डोकं चालायचं तर दूध हवं, ही आईची श्रद्धा आकड्यांनी हलणारी नाही. आणि पेपरला निघताना तळहातावर दहीसाखर घेतली नाही तर पुढे काय होईल, या प्रश्नाला शास्त्राकडे उत्तर नाही. माझ्याकडे एकच निरीक्षण आहे : लाखो उमेदवार दहीसाखर खाऊन शेकडो जागांसाठी बसतात. बाकीच्यांच्या दह्याचं काय होतं? तेव्हा गूळ-खोबरं हातावर ठेवायला हरकत नसावी. ते गोडही आहे आणि शुभही.

म्हणून आईवर्गाला एक विनंती. पोराने दूध सोडलं म्हणून गावाहून तुपाची बरणी गुपचूप पाठवू नका; तो ताकास तूर लागू देणार नाही आणि बरणी रूममेट संपवतील. त्याऐवजी तिळाची कोरडी चटणी, शेंगदाण्याचं कूट आणि नाचणीचं पीठ पाठवा. एसटीत हे तिन्ही सांडलं तरी झाडून गोळा करता येतं. विद्यार्थ्याला सांगायचं ते एवढंच, की मटकी आज रात्रीच भिजत घाल. उद्या सकाळी आठवून उपयोग नाही.