चांगलं झाल्याचा ताप

पुण्यात नाटक पडलं तर कुणालाच त्रास होत नाही. ‘प्रयत्न प्रामाणिक होता’ असं म्हणून लोक चहा पितात नि घरी जातात. पंचाईत होते ती नाटक अनपेक्षित उत्तम झालं की!

डिसेंबर १९७२मध्ये प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनच्या हौशी मंडळींनी भरत नाट्य मंदिरात विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ उभं केलं. दिग्दर्शक जब्बार पटेल आणि नाना फडणवीस झालेले मोहन आगाशे, दोघेही डॉक्टरकीतले. नेपथ्य म्हणून माणसांचीच भिंत. यातून काय मोठंसं निघणार? पण निघालं. इतकं, की बदनामीची ओरड झाली आणि १९ प्रयोगांनंतर खुद्द संस्थेनेच ते थांबवलं. इतरत्र यशाचा सत्कार करतात. आपण आधी बदनामी कोणाची झाली ते तपासतो.

कलाकारांनी १९७३मध्ये थिएटर अ‍ॅकॅडमी काढली, नाटक पुन्हा उभं राहिलं आणि १९८०मध्ये युरोपातही गेलं. निघताना विरोध झालाच. नसता झाला तर नाटकाच्या दर्जाविषयी शंका आली असती.

तेव्हा नव्या कलावंतांनो, आपलं काम जमलं का, हे टाळ्यांवरून ठरवू नका. कोणाकोणाचं पोट दुखतंय, याची आधी चौकशी करा.