बनी तो बनी, नहीं तो फुकेत

परभणी 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि हवाई बेटांवरचं होनोलुलू 21 अंशांवर. म्हणजे विषुववृत्ताला जास्त जवळचे आपणच. तरीही होनोलुलूहून कुणी हवापालटासाठी परभणीला उतरल्याचं अजून ऐकिवात नाही. उलट पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आमचे दाजी एका संध्याकाळी आक्काला म्हणाले, "उरलेलं आयुष्य उष्ण कटिबंधात काढावं म्हणतो." बाहेर मे महिना होता, पारा 44 वर, आणि कूलरमधलं पाणी नुकतंच संपलेलं. आक्का म्हणाली, "मग सध्या आपण कुठं राहायलोत?"

कर्कवृत्त मध्य प्रदेशातून जातं, त्यामुळे अख्खा महाराष्ट्र उष्ण कटिबंधातच येतो, हे मी दाजींना नकाशा काढून दाखवलं. पण त्यांना नारळवाला उष्ण कटिबंध हवा होता. आपल्याकडचा ज्वारीवाला.

मी लक्षद्वीप सुचवलं. देश आपला, रुपया आपला, समुद्र निळा. चौकशी केली तर कळलं, तिथं जायला भारतीयालासुद्धा प्रवेश परवाना लागतो. 1967 चा नियम आहे. बेटं चिमुकली, तिथल्या लोकांना आणि पाण्याला बाहेरच्यांचा भार सोसणार नाही, हे कारण दाजींना पटलं; आयुष्यभर कालव्याच्या पाण्याचाच हिशेब ठेवला होता त्यांनी. पण अर्जाला पोलिसांचा दाखलाही जोडायचा म्हटल्यावर ते उठून बसले. "आपल्याच देशात जायला ठाण्यात जायचं? आन् थायलंडला?" थायलंडने जुलै 2024 मध्ये भारतीयांना 60 दिवस विनाव्हिसा राहायची मुभा दिली होती. शिवाय पन्नाशीपुढच्यांसाठी तिथं खास निवृत्तीचा व्हिसा असतो, हेही दाजींनी मोबाइलवर पाहून ठेवलं होतं. परभणी सोडणाऱ्याला आमच्याकडे "बनी तो बनी, नहीं तो परभणी" असं म्हणूनच निरोप देतात. फुकेतचं ठरलं.

पासपोर्टात एक गंमत आहे. दहावी न झालेल्याला थायलंडसारख्या काही देशांत कामाला जायचं तर सरकारची वेगळी मंजुरी लागते, पण वय पन्नासच्या पुढे गेलं की ती अट सुटते. मॅट्रिकला दोनदा अडकलेले दाजी वयाने मिळालेल्या या पदवीवर बेहद्द खूश झाले.

देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईकडे निघालो. मनमाडला मध्यरात्र उलटून गेली होती, तरी दाजींनी मला हलवून उठवलं. "इथं आपला देश संपायचा." खरंच होतं ते. 1900 च्या सुमारास सुरू झालेली निजामाची रेल्वे हैदराबादहून परभणीवरून येऊन मनमाडला थांबायची, मनमाड इंग्रजांचं. निजामाचा रुपया वेगळा, टपालाची तिकिटं वेगळी, मालावर करोडगिरीची जकात. निजामाचे सात हाली रुपये मोजले की इंग्रजांचे सहा कलदार मिळायचे. नोकरीला मुल्की (इथलाच) असल्याचा दाखला लागायचा, म्हणजे दाखल्यांची परंपरा आपल्याकडे तशी जुनीच. मग सप्टेंबर 1948 मध्ये निजामाचं राज्य संपलं, 1956 साली परभणी द्वैभाषिक मुंबई राज्यात आली आणि 1960 साली महाराष्ट्रात. दाजींच्या आजोबांनी वाड्याची ओसरी न सोडता चार सरकारं पाहिली. आणि नातू विमानाने उष्ण कटिबंध शोधायला निघालेला.

फुकेतला विमानतळावर अधिकाऱ्याने "फ्रॉम?" विचारलं. दाजी म्हणाले, "परभणी." तो थांबला. दाजींनी खुलासा केला, "जगात जर्मनी, भारतात परभणी." त्याने दाजींकडे पाहिलं, मग पासपोर्टाकडे, आणि शिक्का मारला.

समुद्र सुंदर आहे, त्यात वाद नाही. पण घाम! पारा बत्तीसच्या आसपास आणि माणूस भिजून चिंब. परभणीचं ऊन तोंडावर मारतं खरं, पण झाडाखाली गेलं की सोडून देतं. हे सावलीतही मागे येत होतं. परदेशी मंडळी मात्र वाळूवर उताणी पडून हेच ऊन पैसे मोजून अंगावर घेत होती. दाजींना त्यांची फार काळजी वाटली. एकाला त्यांनी आपला उपरणंवजा टॉवेलही देऊ केला. आक्का नारळाच्या झाडाखाली धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी काढून बसली होती.

निवृत्तीच्या व्हिसाचं काम करणाऱ्या एका एजंटाकडे गेलो. बँकेत आठ लाख बाट ठेवायचे, तो म्हणाला. दाजींनी मनात गुणाकार केला: वीस लाख रुपयांच्याही वर. चेहरा कोरा ठेवला. मग मूळ मुद्दा काढला, जमिनीचा. परदेशी माणसाला इथं जमीन घेता येत नाही. इमारतीतला फ्लॅट चालेल, तोही इमारतीच्या 49 टक्क्यांच्या कोट्यात बसला तर. "एक गुंठाबी देईनात?" दाजींचा नातू न्यू जर्सीत जन्मलेला. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणून त्याच्याकडे ओसीआय कार्ड आहे. त्यावर तो भारतात हवं तितकं राहू शकतो, पण मतदान करू शकत नाही आणि शेतजमीन विकत घेऊ शकत नाही. म्हणजे नातवाला परभणीजवळच्या मानवतला शेत घेता येत नाही, आजोबाला फुकेतला. या घराण्याने शेती नेमकी करायची कुठं?

शेवटी एजंटाने सहज सांगितलं, दर नव्वद दिवसांनी इमिग्रेशनला आपला पत्ता कळवावा लागतो. दाजी बोटं मोजू लागले. पेन्शनसाठी नोव्हेंबरात हयातीचा दाखला असतोच. हे वर्षाला चार. "म्हणजे जिवंत हाय म्हणून पाच वेळा सांगायचं?" आक्का शांतपणे म्हणाली, "एवढ्या वेळा तर मीबी विचारलं नाही कधी."

परतीच्या विमानात दाजी गाढ झोपले.

सध्या ते लक्षद्वीपचा अर्ज भरतायत आणि पोलिसांच्या दाखल्याची वाट पाहतायत. वाचकांपैकी कुणाचा बेत असेल तर कागदपत्रांची तयारी चांगली दोन-तीन महिने आधी सुरू करा. थायलंडला एवढी घाई नाही.