दोरे मोजणारे काका

रविवारी सकाळी कळंबच्या किनाऱ्यावर दोन प्रकारची माणसं हमखास भेटतात. रात्रभर रिसॉर्टात जागून सुरूच्या बनात आपली दुसरी चप्पल शोधणारी, आणि मासे ओळखणारी. पहिल्यांची दुपारपर्यंत उतरते. दुसऱ्यांची उतरत नाही.

आमचे काका या दुसऱ्यांतले. राहायला नालासोपारा पश्चिमेला. नोकरी एका कचेरीत हिशेबतपासनीस म्हणून झाली. निवृत्तीनंतर तपासायला हिशेब उरले नाहीत, म्हणून ते रावस तपासू लागले.

रावस आणि दाढा एकाच कुळातले, आणि रावसाच्या भावात दाढा गळ्यात मारला जातो, ही काकांच्या आयुष्यातली मुख्य जखम. रावसाच्या गळ्याखाली, पुढच्या परांपाशी, दोन्ही बाजूंना चार-चार सुटे दोरे लोंबतात. दाढ्याला पाच-पाच. दाढा अंगानं काळपट असतो, पण काकांचा रंगावर विश्वास नाही. "रंग बर्फात बदलतो, आकडा बदलत नाही," असं म्हणून ते दोरीला बांधलेला चष्मा नाकावर चढवतात आणि पाटीत वाकतात. वर नियम सांगतात, "एका बाजूवर विसंबायचं नाही. जमा बघितली की खर्चही बघायचा. मासा उलटा करा!"

मासा उलटा करकरून वैतागलेली मासेवाली मावशी एकदा म्हणाली, "काका, मासा घ्यायचाय का शिरगणती करायचीय?"

खरी पंचाईत तुकड्यांची. मोठा मासा तुकडे करूनच विकला जातो आणि तुकड्यांना दोरे नसतात. मग काका डोकं मागतात. डोकं आधीच कुणीतरी कालवणाला नेलेलं असतं. "म्हणजे पुरावा नष्ट केला," असं ते मला बाजूला घेऊन सांगतात. मी मान हलवतो. दोन्हींचं कालवण मला सारखंच आवडतं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. वाटखर्चाला सोबत लागते.

काकांचं वाचनही आहे. जॉर्ज शॉ नावाच्या इंग्रजानं 1804 साली रावस आणि दाढा या दोघांचंही शास्त्रीय बारसं केलं आणि रावसाच्या नावात 'चार बोटांचा' अशा अर्थाचा ग्रीक शब्द घातला, हे ते रिक्षावाल्यालाही सांगतात. "साहेबानं दोनशे वर्षांपूर्वी मोजले, आणि तुम्ही मोजत नाही!" याच साहेबाच्या भाईबंदांनी रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणून टाकलं, याचा मात्र त्यांना राग आहे. सॅमनचं कूळ वेगळं, रावसाचं वेगळं. पण हॉटेलच्या मेनूकार्डावर तपासनिसाची सही लागत नाही.

त्या सॅमनमुळेच एक महिना वाईट गेला. काकांचा पुतण्या कॅनडात व्हँकुव्हरला असतो. त्यानं कळवलं की तिकडे गळ टाकणाऱ्यांनाही चिनूक आणि कोहो या जातींत घोटाळा होतो, म्हणून ते माशाचं तोंड उघडून हिरड्या बघतात. चिनूकच्या हिरड्या काळ्या, कोहोच्या दातांच्या मुळाशी पांढुरक्या. झालं. पुढच्या रविवारी काका रावसाचा जबडा फाकवून आत टॉर्च मारत होते. मावशीनं शांतपणे विचारलं, "दात काढायचेत काय?"

त्याहून मोठा धक्का पुस्तकानं दिला. रावस तरुणपणी नर असतो आणि वाढला की मादी होतो. म्हणजे पाटीतला थोराड रावस बहुधा 'तो' नसून 'ती'. काका दोन दिवस गप्प होते. मग म्हणाले, "आता 'हा रावस कितीला' असं विचारायचं तरी कसं?" व्याकरणाचा हिशेब त्यांच्याकडे पूर्वी आला नव्हता.

काका स्वतः गळही टाकतात. लांब दांडी, महागडं रीळ, खुर्ची, छत्री. ओहोटी लागली की पाणी दूर जातं आणि काका खुर्ची घेऊन त्याच्या मागे मागे. लागतो तो शिंगाळा. शिंगाळ्याच्या काट्यानं एकदा अंगठा टम्म सुजला, तरी उरलेल्या हातानं त्यांनी मिशा मोजल्याच. सहा निघाल्या. "रावसापेक्षा दोन कमीच," ते म्हणाले. सुजलेला अंगठा बर्फात होता.

परवा अर्नाळ्याहून त्यांनी अख्खा मासा आणला. चांगला तीन किलोचा. मला मुद्दाम बोलावलं. चष्मा चढला, मोजणी झाली. डावीकडे चार. काकांचा चेहरा उजळला. मासा उलटा केला. उजवीकडे पाच.

आम्ही दोघं बराच वेळ ताटाकडे बघत बसलो. दोरा तुटू शकतो, नवा फुटू शकत नाही, एवढं मलाही कळत होतं. आतून काकू म्हणाल्या, "खोबरं वाटून ठेवलंय, रावस असो नाहीतर रावसाचा मामा, द्या इकडे."

काकांनी माशाची डावी बाजू हळूच वर आणली, गळ्याखालचे दोरे कंगव्यानं सारखे केले, फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला : 'रावस. तीन किलो. चार.'

व्हँकुव्हरहून पाच मिनिटांत उत्तर आलं, 'काका, दुसरी बाजू?'

काकांच्या फोनची बॅटरी तेव्हा संपली, ती मंगळवारपर्यंत.