आधी, नंतर आणि जुलै

मे महिना लागला की मुंबई-ठाण्यात दोन गोष्टींना ऊत येतो: आंब्याच्या पेट्या आणि वॉटरप्रूफिंगच्या रील्स. आंबा निदान हुंगून घेता येतो. रीलमध्ये पहिले चार सेकंद काळवंडलेलं छत, सुटलेले पोपडे, कोपऱ्यातली बुरशी आणि कपाळाला हात लावून बसलेल्या एक काकू. मग कॅमेऱ्यावर तळवा येतो. तळवा हटतो तेव्हा छत पांढरंशुभ्र, झुंबर लागलेलं, काकू हसतायत. साडीसुद्धा बदललेली. मागे ढोल-ताशा, खाली मोबाइल नंबर आणि ‘दहा वर्षांची गॅरंटी’. मधले पंधरा दिवस, सिमेंटची धूळ, चार वेळा दांडी मारलेला गवंडी आणि पाचव्यांदा मागितलेला ॲडव्हान्स हे सगळं त्या तळव्यामागे.

पूर्वी या धंद्याची जाहिरात म्हणजे परांचीला बांधलेला पत्र्याचा बोर्ड आणि विजेच्या खांबावर चिकटवलेला ‘लीकेज? फोन करा’ असा कागद. मग 29 जून 2020 ला टिकटॉकवर बंदी आली, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केल्या, आणि घरोघरी बसून असलेल्या भाच्यांना काम मिळालं. आज छतदुरुस्तीच्या प्रत्येक कंत्राटदारामागे एक भाचा असतो. मामाला थापी कळते, भाच्याला ट्रेंडिंग ऑडिओ. निर्णय भाचा घेतो.

अलीकडे तर मार्केटिंगचे सल्लागार हॉटेलच्या एसी हॉलमध्ये कंत्राटदारांना जमवून सांगतात, ‘व्हिडिओ साधा ठेवा. लोकांना साधेपणा भावतो.’ मामा खूश होऊन घरी येतो. आठवड्याने साधेपणाचं कोटेशन येतं. त्यात ड्रोन, गिम्बल, रिंग लाइट, रेडिओवर काम केलेल्या बाईंचा आवाज, आणि गवंड्यांसाठी नवीकोरी पिवळी हेल्मेटं. शूटिंग आटोपलं की हेल्मेटं मोजून परत घेतात. गवंडी पुन्हा डोक्याला टॉवेल गुंडाळून परांचीवर चढतात.

साधा व्हिडिओ खरंच चालतो, यात वाद नाही. अमेरिकेतल्या युटा राज्यात ब्लेंडटेक नावाची ब्लेंडर बनवणारी कंपनी आहे. तिचे संस्थापक टॉम डिक्सन यंत्राचा दम पाहायला त्यात लाकडाचे तुकडे घालून फिरवायचे. जमिनीवर पडलेला भुसा कंपनीच्या मार्केटिंगवाल्याच्या नजरेस पडला. 2006 मध्ये जेमतेम 50 डॉलरच्या सामानात पहिले व्हिडिओ झाले. पांढरा कोट घातलेले डिक्सन ब्लेंडरमध्ये काचेच्या गोट्या ओततात आणि बटण दाबतात, बस. 2007 मध्ये त्यांनी चक्क आयफोनचं पीठ केलं आणि ते लाखो लोकांनी पाहिलं. घरदुरुस्तीतही हे नवं नाही. बॉस्टनच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर 1979 मध्ये ‘धिस ओल्ड हाउस’ सुरू झालं, तेव्हा अख्खा पहिला हंगाम डॉर्चेस्टरमधल्या एकाच जुन्या घरावर गेला. सुतार लाकूड कापतोय आणि लोक घरात बसून पाहतायत. कार्यक्रम अजून चालू आहे. या दोन्ही ठिकाणी कॅमेरा कामाच्या मध्यावर होता, हे सल्लागाराच्या स्लाइडवर येत नाही.

मध्याला दाखवण्यासारखं इथेही पुष्कळ आहे. म्हातारा गवंडी छतावर हातोडीच्या दांड्याने टकटक करत सरकतो. एका जागी आवाज बद्द येतो. तो खडूने गोल काढतो, छिन्नी लावतो, आणि वीतभर खपली खाली येते. आत सळई नाही, सळईची आठवण असते, तांबडी आणि पापुद्र्यांची. लोखंड गंजलं की फुगतं, मूळच्या कित्येक पट जागा मागतं, आणि भोवतालचं काँक्रीट आतून फोडून काढतं. म्हणजे छताचा रोग पाण्याने सुरू होतो पण जीव लोखंड घेतं. मग तारेच्या ब्रशने गंज घासायचा, सळईला लेप द्यायचा, पॉलिमर घातलेला माल भरायचा आणि त्याला पाणी मारत बसायचं. वर गच्चीत जुना कोबा फोडायचा, पन्हाळीच्या तोंडाकडे ढाळ द्यायचा, भिंतीच्या कडेला वाटा मारायचा, आणि शेवटी सगळी तोंडं बोळे घालून बंद करून गच्चीत पाणी कोंडायचं. दोन दिवस. खालच्या मजल्यावर कोणीतरी स्टूल टाकून छताकडे बघत बसायचं.

यातल्या कशालाच बीट बसत नाही. पाणी कोंडलेल्या गच्चीचा दोन दिवसांचा शॉट म्हटल्यावर भाचा मामाकडे वेड्यासारखा पाहतो. त्याचं म्हणणं एवढंच की तीन सेकंदांत बोट थांबलं पाहिजे. बोट थांबतं ते पुट्टीवर. पुट्टी चोवीस तासांत होते, चमकते आणि तिच्याखाली काय आहे ते कोणाला सांगत नाही. सहकारी सोसायट्यांचे आदर्श उपविधी म्हणतात की इमारत तिशी ओलांडली की दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करा. सोसायट्यांचा अनुभव असा की पुट्टीचं कोटेशन ऑडिटच्या आधी पास होतं, कारण ऑडिटरला रील नसते. त्याच उपविधींत वरच्या मजल्यावरच्या संडास-बाथरूमची गळती सभासदाच्या खिशातून आणि गच्चीची गळती सोसायटीच्या खर्चाने, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. ते वाचून दाखवणाऱ्या सेक्रेटरीचा व्हिडिओ मात्र निघतो, आणि तो चांगला चालतो.

आता त्या काकू. त्या घरमालकीण नसतात, भाच्याच्या मित्राची आई असते. पैसे घेऊन केलेली शिफारस तशी सांगून करावी, असा नियम भारतीय जाहिरात मानक परिषदेने 2021 मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी घातला. पण काकू स्वतःला इन्फ्लुएन्सर समजत नाहीत. त्यांना वडापाव आणि रिक्षाभाडं मिळालेलं असतं.

खरी अडचण कॅलेंडरची आहे. रील मेमध्ये चढते. मुंबईत पाऊस साधारण 11 जूनला येतो आणि सप्टेंबरअखेरपर्यंत सांताक्रूझला दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. छताची परीक्षा तेव्हा असते आणि निकाल मेमध्येच ढोल-ताशासह लागलेला असतो. ‘आधी’ आणि ‘नंतर’ एकाच उन्हाळ्यात उरकणाऱ्या या धंद्यात ‘आणि मग जुलैत’ अशी तिसरी चौकट कोणी टाकत नाही. टाकली तर फुकटात, मोबाइल हलता ठेवून, संगीताशिवाय टाकता येईल: तेच छत, तोच कोपरा, बाहेर कोसळता पाऊस, कोरडा हात. त्याला ड्रोन लागत नाही. काम मात्र लागतं.

तसा व्हिडिओ निघतच नाही असंही नाही. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, रात्री अडीच वाजता, तो खुद्द गिऱ्हाईक काढतं. अकरा सेकंद, अंधूक, एकच शॉट. झुंबराच्या दांडीवरून थेंब, खाली बादली, मागून नवऱ्याचा आवाज, ‘काढ, काढ, पाठव त्याला.’ सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो सकाळी सातच्या आत सगळ्यांनी पाहिलेला असतो. मामाकडून दुपारी हात जोडलेल्याचा इमोजी येतो आणि त्याखाली, ‘पाऊस उघडला की माणूस पाठवतो.’

माणूस दिवाळीनंतर येतो. तोवर भाच्याने तो अकरा सेकंदांचा व्हिडिओ जपून ठेवलेला असतो. पुढच्या मेमधल्या रीलमध्ये ‘आधी’ म्हणून तोच लागतो.