पियानोचं वजन

अमेरिकी लष्करात हुद्दा पौंडांतही मोजता येतो. बदली झाली की कर्नलचं १८,००० पौंड सामान सरकारी खर्चाने हलतं, नव्या सड्याफटिंग शिपायाचं ५,०००.

सामान या मर्यादेवर गेलं की काही महिन्यांनी, पियानो नव्या दिवाणखान्यात रुळल्यावर, जादा वजनाच्या खर्चाच्या वसुलीची नोटीस येते. माफीचा कायदा आहे. पण तो सरकारने चुकून दिलेल्या पैशांपुरता. वाहतूकदाराला तर पैसे बरोबरच दिले. चुकला तो पियानो!

कामाची पुस्तकं-अवजारं २,००० पौंडांपर्यंत वजनातून वगळतात, मात्र तशी नोंद आधी हवी. मागाहून डंबेल्सना ‘कामाचं साहित्य’ म्हणून डाळ शिजत नाही. उरतो फेरवजनाचा हक्क. तो सामान उतरण्याआधी बजावायचा. खोकी रिकामी झाल्यावर काट्यावर चढवणार काय, स्वतःला?