सर्व्हरचे कागद अपुरे

डहाणू-तलासरी पट्ट्यातल्या एका खिडकीवरची 'सर्व्हर डाऊन' ही पाटी आता लॅमिनेट करून घेतली आहे. दूरदृष्टी म्हणतात ती ही. कागदी पाटी पावसाळ्यात भिजायची, आणि डाऊन व्हायला सर्व्हर काही पावसाळ्याची वाट बघत नाही.

या वेळचं कारण मात्र बाहेर फुटलं. भूकंप नव्हे. नोव्हेंबर 2018 पासून धुंदलवाडीकडच्या भिंती हादरताहेत, माणसं थंडीत तंबूत झोपली. सर्व्हर दूर कुठेतरी एसीत ढिम्म होता. तो पडला एका फाइलीपायी. रात्री कुणाला तरी हुक्की आली, सर्व्हरवरच्या उबुंटू या प्रणालीचं 20.04 चं 22.04 केलं, आणि सकाळी प्रोग्राम उठेना. लिबएसएसएल.एसओ.1.1 सापडत नाही, म्हणाला. सापडणार कुठून? ती फाइल ओपनएसएसएल या लायब्ररीची, आणि नव्या उबुंटूत ओपनएसएसएल 3 येतं, 1.1 येतच नाही.

मग तज्ज्ञ आले. त्यांनी नव्या फाइलीकडे बोट दाखवणारी एक सिमलिंक केली आणि तिला जुन्या फाइलीचं नाव दिलं. म्हणजे मेलेल्या सासऱ्याच्या रेशनकार्डावर जावई उभा केला. प्रोग्रामने नाव वाचलं, दार उघडलं, आत डोकावला आणि ओरडला, 'ओपनएसएसएल_1_1_0 ही आवृत्ती यात नाही!' यंत्राला फसवता येत नाही हे पाहून तज्ज्ञ फार दुखावले म्हणतात.

इकडे खिडकीशी तलासरीहून आलेले एक आजोबा, नातवाच्या जातीच्या दाखल्यासाठी. 'मामा, उद्या या.' मामा कालही आले होते. त्यांच्याकडे काय काय मागितलं होतं ते ऐका. नातवाचा शाळेचा दाखला, बापाचा शाळेचा दाखला (बाप शाळेत गेलाच नाही, मग त्याचं प्रतिज्ञापत्र), राहण्याचा पुरावा, आणि या सगळ्याच्या बुडाशी, कुटुंब 6 सप्टेंबर 1950 च्या आधीपासून इथलंच आहे याचा कागद. वारली माणसाने डहाणूत आपण इथलेच असल्याचा कागद आणायचा! त्याने तोही आणला. पणज्याचं नाव असलेला जुना उतारा, घडीवर फाटलेला, प्लास्टिकच्या पिशवीत. आणि समोर जो सर्व्हर बसलाय, त्याला ओपनएसएसएल 1.1.1 सांभाळता येईना, जे जन्मलं सप्टेंबर 2018 मध्ये आणि ज्याची मोफत देखभाल संपली सप्टेंबर 2023 मध्ये. पाच वर्षांचं आयुष्य! मरणार हे आधीपासून जाहीर होतं. मामांचा एक कागद कमी असता तर अर्ज फेटाळला असता. सर्व्हरची एक फाइल कमी आहे तर मामाच फेटाळले गेले. त्यांची मजुरी बुडाली, जीपचं भाडं गेलं, आणि नातवाच्या प्रवेशाची तारीख काही कुणी 'डाऊन' ठेवलेली नाही.

मला राग फाइल हरवल्याचा नाही, फाइली हरवतात. राग याचा की यंत्र खिडकीपेक्षा सभ्य निघालं. नेमकं काय कमी आहे ते त्याने पहिल्याच ओळीत नावानिशी सांगितलं. एलडीडी ही तीन अक्षरांची आज्ञा प्रोग्रामवर चालवली की लागणाऱ्या सगळ्या लायब्रऱ्यांची यादी येते, आणि जी नाही तिच्यापुढे स्पष्ट लिहून येतं, 'नॉट फाउंड'. चहा निवायच्या आत होणारं काम. दुसऱ्या एखाद्या यंत्रावर आधी अपग्रेड करून ही यादी पाहिली असती, प्रोग्राम ज्यांनी बांधला त्यांच्याकडून तो ओपनएसएसएल 3 वर पुन्हा बांधून घेतला असता, तर रात्रीची हुक्की रात्रीच जिरली असती. पण कागद तपासायची शिस्त फक्त खिडकीच्या बाहेरच्या बाजूला लागू आहे.

तेव्हा साहेब, पुढच्या अपग्रेडच्या आधी सर्व्हरचीही कागदपत्रं तपासा. तेवढं जमत नसेल तर मामांचं जीपभाडं तरी काढून ठेवा.