पिनाकपाणी

आमच्या सोसायटीत त्याचं खरं नाव आता फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर उरलंय. एरवी तो पिनाकपाणी. हे बारसं केलं तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त संस्कृत शिक्षकांनी. ज्याच्या हाती पिनाक धनुष्य तो शंकर, आणि ज्याच्या हाती पिन तो हा. पिंटरेस्ट 2010 मध्ये सुरू झालं. आवडलेलं चित्र बोर्डावर टाचणीनं टोचावं तसं तिथे टोचून ठेवायचं, एवढीच त्यातली कल्पना. शंकरानं आपल्या धनुष्यानं निदान तीन पुरं तरी जाळली. ह्याच्या पिनेनं अजून घरच्या भिंतीत एक खिळासुद्धा ठोकलेला नाही.

नाहूर स्टेशन 2006 मध्ये झालं, पण फास्ट गाडी अजून आमच्याकडे ढुंकूनही न बघता पुढे जाते. बाकीचे नाहूरकर त्यावर कुरकुरतात. पिनाकपाणीला मात्र स्लो गाडीच आवडते. मशीद बंदरच्या ऑफिसात पोचेपर्यंत त्याच्या शंभरेक पिना होतात. भांडुपला जपानी चहाचे कप, घाटकोपरला मोरोक्कोच्या फरशा, कुर्ल्याच्या गर्दीत एका पायावर उभा राहून स्कँडिनेव्हियन बैठकीची खोली.

माणूस मात्र उपयोगी. कुणाचं काही अडलं तर तोंडपाठ पत्ता सांगतो. मुलीला डिझाइनला जायचंय? बिहान्स बघा. 2005 मध्ये निघालं, 2012 मध्ये अडोबीनं घेतलं, जगभरचे लोक आपलं काम तिथे मांडतात. ॲपचं बटण कसं दिसावं? ड्रिबल, पण इंग्रजीत तीन बी घाला, नाहीतर बास्केटबॉल शिकाल. जुनी चित्रं हवीत? ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमनं आणि न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमनं लाखो चित्रं फुकट उतरवून घ्यायला ठेवलीत. मेटनं 2017 मध्ये तर सांगूनच टाकलं, ही चित्रं कशालाही वापरा. मराठी अक्षरं? गूगल फॉन्ट्सवर 'मुक्ता' घ्या, आपल्या मुंबईच्याच 'एक टाइप'चा आहे. हे सगळं तो लिफ्टमध्ये, तळमजला ते पाचवा एवढ्या वेळात सांगतो. ह्याच्या सांगण्यावरून एका मुलीनं पोर्टफोलिओ केला, एका काकूंनी उशांचे अभ्रे भरले. म्हणजे प्रेरणा वाया जात नाही, फक्त ती ह्याच्या घरी राहत नाही.

ही गोष्ट रक्तातलीच. ह्याचे वडील दिवाळी अंकांची मुखपृष्ठं कापून ठेवायचे. दीनानाथ दलालांच्या 'दीपावली'ची तर एक अख्खी ट्रंक भरली होती. ती चित्रं पुढे फ्रेम करायची होती. ट्रंक अजून माळ्यावर आहे. मुलानं माळा क्लाउडवर नेला, एवढाच काय तो वंशाचा विकास.

घरात शिरलात की समोरच्या भिंतीवर पांढऱ्या रंगाचे सात चौकोन दिसतील. हे नमुने. हस्तिदंती, मोतिया, ताकासारखा, ताक घुसळण्याआधीचा, असे काहीतरी फरक त्यांत आहेत आणि ते फक्त त्यालाच दिसतात. चौकोन तीन वर्षांपूर्वीचे. आता त्यांच्यावर धूळ बसून सातही एकाच रंगाचे झालेत. पाहुणे विचारतात, "मॉडर्न आर्ट का?" वहिनी सांगतात, "नाही, संसार."

एकदा त्यानं वहिनींच्या पैठणीवरच्या ब्लाउजची जबाबदारी घेतली. स्टेशन रोडच्या टेलरकडे मीही गेलो होतो, माझ्या पँटची चेन बदलायची होती. पिनाकपाणीनं मोबाइल काउंटरवर ठेवला. "मास्टर, बोर्डात बासष्ट फोटो आहेत. गळा तिसऱ्याचा, बाही चाळिसाव्याची आणि पाठ ह्या बाईसारखी." मास्टरांनी चष्मा कपाळावर घेतला, फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि कमरेजवळची एक बारीकशी चुणी दाखवली.

"साहेब, हा ब्लाउज शिवलेला नाही."

"म्हणजे?"

"मापाचा नाहीये. आपल्याला दिसत नाही त्या बाजूनं पिना लावून बसवलाय. बाई वळली तर सगळं सुटेल. वहिनींना वळायचंय ना?"

पिनाकपाणी क्षणभर गप्प झाला. मला वाटलं, आता ह्याला बोधिवृक्ष भेटला. त्यानं फोन उचलला आणि म्हणाला, "मास्टर, हे लपवून पिना लावायचं टेक्निक भारी आहे. ह्याचा वेगळा बोर्ड करतो." वहिनींनी ब्लाउज शेवटी मागच्या वर्षीच्याच मापानं शिवला.

आई, म्हणजे आमच्या काकू, ह्या घरातल्या विरोधी पक्ष. त्यांच्याकडे ठिपक्यांच्या रांगोळ्यांची एक वही आहे, तेलाचे डाग पडलेली. दिवाळीला त्या वही उघडतात, पंधरा ते आठ ठिपके मोजतात आणि अर्ध्या तासात दारात कमळ उमलतं. एकदा मुलानं त्यांना ऐकवलं, "आई, रेफरन्स म्हणजे कमीपणा नव्हे. रेम्ब्रांट कधी भारतात आला नाही, पण मुघल लघुचित्रं समोर ठेवून त्यानं वीसबावीस चित्रं केली."

काकू मटार सोलत होत्या. "केली ना पण त्यानं?"

एवढं असूनही मागच्या वर्षी सोसायटीनं गणपतीचं मखर ह्याच्यावर सोपवलं. 2018 च्या बंदीपासून थर्माकोल गेलं, तेव्हापासून आमचं मखर दरवर्षी मिठाईच्या खोक्यासारखं दिसायचं. पिनाकपाणीनं जूनमध्येच बोर्ड उघडला. जुलैत त्याचे चार पोटबोर्ड झाले. मीटिंगमध्ये त्यानं सांगितलं, राजा रविवर्म्याचा छापखाना एके काळी आपल्या घाटकोपरला होता, 1899 मध्ये तो मळवलीला गेला. तेव्हा मखराला रविवर्म्याचा स्पर्श हवा, पण जपानी साधेपणातून. सेक्रेटरींनी इतिवृत्तात लिहिलं : 'मखर साधे करण्याचे ठरले.'

ऑगस्टचा एक आख्खा आठवडा 'गणपती बाप्पा मोरया' कुठल्या फॉन्टमध्ये यावं ह्यात गेला. कमल शेडगे इथे शेजारी मुलुंडलाच राहायचे. दर नाटकाला त्यांनी वेगळं अक्षर दिलं, आणि ते सगळं हातानं. ते 2020 मध्ये गेले. त्यांनी हा आठवडा पाहिला असता तर आमच्या हातून ब्रश काढून घेतला असता. अर्थात ब्रश कुणाच्या हातात नव्हताच.

हरतालिकेच्या रात्री दहा वाजता हॉलमध्ये एक टेबल होतं आणि तीनशे चाळीस पिना. मूर्ती सकाळी येणार. मग काकू खाली आल्या. सोबत त्यांच्या ट्रंकेतली एक जुनी हिरवी इरकल. पोरांनी फ्रिजचा पुठ्ठा कापून कमान केली, वहिनींनी साडीच्या निऱ्या टाचल्या, संस्कृतच्या सरांनी खडूनं 'मोरया' लिहिलं, त्यात 'या' जरा मोठाच झाला. दीड वाजता मखर उभं. पिनाकपाणी अखेरपर्यंत मोबाइलचा टॉर्च धरून उभा होता आणि, खरं सांगायचं तर, उजेड त्यानं फार चांगला धरला. कुणीतरी पोरानं फोटो काढून कुठेतरी टाकला आणि आम्ही झोपायला गेलो.

यंदा जूनमध्ये पुन्हा मीटिंग. पिनाकपाणी उत्साहानं उठला. "ह्या वेळी मी एकच रेफरन्स आणलाय. अस्सल! बघा, किती मोजकं आणि तरी किती आपलं. 'मिनिमल गणपती डेकोर' नावानं मिळालं. कुणाचं आहे कळत नाही, पण असं आपल्याकडे कुणाला सुचत नाही."

फोन हातोहात फिरला. हिरव्या निऱ्या, पुठ्ठ्याची कमान, जरा मोठा झालेला 'या'. फोटोच्या डाव्या कोपऱ्यात एक हात, टॉर्च धरलेला.

काकूंनी चष्मा लावला. "अरे, ही माझी इरकल."

"आई," तो समजुतीनं म्हणाला, "तशा साड्या खूप मिळतात." आणि फोन परत घेऊन त्यानं तो फोटो आणखी एका बोर्डात टोचला.